बसलेली सोफ्याची गादी: फोम घरच्या घरी कसा बदलायचा

सोफ्याचं लाकूड शाबूत असतं, कापडही बरं असतं, पण बसलं की खाली फळी लागते आणि उठताना गुडघ्यांवर हात टेकावे लागतात. गादी बसली म्हणतात ती हीच. अशा वेळी सोफा विकायला काढण्याआधी गादीची मागची बाजू बघा. तिथे चेन असेल तर आतला फोम घरी बदलता येतो आणि त्यासाठी शिवणयंत्रही लागत नाही. तीन गाद्यांना साधारण अर्धा दिवस पुरतो. बैठकीचं कापड थेट फ्रेमला पिना मारून ताणलेलं असेल, तर मात्र ते काम वेगळं. पिना उपसणं, कापड पुन्हा सारखं ताणणं आणि कोपऱ्यांच्या चुण्या बसवणं कारागिराकडेच सोपवा. इथे सुट्या गाद्यांबद्दलच बोलू.

हे काम कापताना फारसं बिघडत नाही, ते बिघडतं दुकानात. जुन्या फोमचं माप घेऊन जायचं आणि काउंटरवर ‘चांगला हार्ड द्या’ म्हणायचं, या दोन चुका टाळल्या तर उरलेलं काम म्हणजे नुसती मेहनत.

दोष फोमचाच आहे का?

गादी बाजूला काढा आणि सोफ्याच्या रिकाम्या बैठकीवर दोन्ही तळवे ठेवून जोर द्या. खाली चार प्रकार सापडतात: निवार किंवा तागाचे पट्टे, इलॅस्टिकचे पट्टे, झिगझॅग स्प्रिंग आणि सरळ प्लाय. पट्टे सैल होऊन झोळी झाली असेल, एखादी स्प्रिंग क्लिपमधून सुटली असेल किंवा प्लायला मधे बाक आला असेल, तर कितीही भारी फोम घाला, महिन्याभरात पुन्हा तोच खड्डा पडेल. फोम खालच्या आधाराचा आकार घेतो, आधाराला आकार देत नाही.

सुटलेली स्प्रिंग पकडीने ओढून परत क्लिपमध्ये बसवता येते. सैल पट्टा एका टोकाला सोडवून, ताणून, दोन ओळी खिळ्यांनी पुन्हा ठोकता येतो. बऱ्याच घरांत यावर उपाय म्हणून वर प्लायचा तुकडा टाकतात. तो चालतो, पण मग बैठक कडक होते हे धरून फोम जास्त जाड घ्यावा लागतो. प्लायच्या कडा पॉलिश पेपरने गोल करा आणि हवा खेळावी म्हणून त्यात बोटभर रुंदीची आठ-दहा भोकं पाडून घ्या. पट्टे किंवा स्प्रिंग असतील, तर त्यांच्यावर जाड कापडाचा एक थर हवाच, नाहीतर पट्ट्यांमधल्या फटींत फोम रुतून खालून कुरतडला जातो.

आता गादीकडे वळा. खोळीतून फोम काढून एक रात्र जमिनीवर मोकळा ठेवा. सकाळी त्यावर लांब फुटपट्टी आडवी ठेवून मधोमध किती खोलगट आहे ते मोजा. ४ इंची फोममध्ये खड्डा अर्ध्या इंचापेक्षा जास्त असेल, किंवा मूठ दाबल्यावर उमटलेला ठसा सावकाश भरत असेल, तर फोम संपला. फोम पिवळा पडला म्हणून फेकू नका. हवा आणि उजेड लागून तो पिवळा पडतोच. मात्र हात चोळल्यावर भुगा पडायला लागला की त्याला निरोप द्यायचा. खड्डा किरकोळ असेल तर नवा फोम घेऊ नका. मधल्या भागावर सुपर सॉफ्ट, म्हणजे अगदी मऊ फोमचा अर्धा इंच जाडीचा तुकडा आणि वरून कापसासारख्या पॉलिएस्टर फायबरचं वेष्टण एवढ्याने आणखी वर्ष-दोन वर्षं निघतात.

खोळ उलटी करून शिवणींमध्ये ढेकणांचे काळे ठिपके आहेत का तेही याच वेळी बघा. असतील तर जुना फोम लगेच मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि खोळ गरम पाण्यात धुऊन मगच पुढे जा.

माप खोळीचं घ्या, जुन्या फोमचं नव्हे

जुना फोम दबून, झिजून, कडांना गोल होऊन मूळ मापापेक्षा लहान झालेला असतो. त्याच मापाचा नवा आणला तर गादी पहिल्या दिवसापासून ढिली दिसते आणि कोपरे लुळे पडतात.

खोळ धुवायची असेल तर आधी धुऊन पूर्ण वाळवा, मग मोजा. सुती कापड पहिल्या-दुसऱ्या धुण्यात आटतं. खोळ उलटी करून सपाट पसरा आणि शिवणीपासून शिवणीपर्यंत टेप लावा. लांबी समोर, मधे आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजा. बऱ्याच गाद्या मागच्या बाजूला किंचित अरुंद असतात आणि ते डोळ्यांना कळत नाही. जाडीसाठी बाजूच्या बॉर्डर पट्टीची उंची शिवणीपासून शिवणीपर्यंत घ्या. हातांना वळसा घालणारी इंग्रजी टी आकाराची किंवा कोपऱ्याची गादी असेल, तर वर्तमानपत्र पसरून त्यावर खोळ ठेवा, शिवणीच्या रेषेने पेनाने आखा आणि तो कागद कापून दुकानात न्या. कागदावर ‘वरची बाजू’ आणि ‘समोर’ असं लिहायला विसरू नका. डाव्या-उजव्या गाद्यांची अदलाबदल होते ती याच विसरण्यामुळे.

आता फोमचं माप. खोळ २२ बाय २२ इंच आणि बॉर्डर ४ इंच आहे असं धरू. फोमवर फायबर गुंडाळणार नसाल तर साडेबावीस बाय साडेबावीस बाय ४ कापा. कापड ताणलं जाणारं किंवा वापरून सैल झालेलं असेल तर २३ पर्यंत चालेल. फायबर गुंडाळणार असाल तर २२ बाय २२ पुरे, कारण उरलेला भराव वेष्टण करतं. रेक्झिनची खोळ असेल तर नेमकं खोळीचंच माप घ्या, जास्त नको. रेक्झिन ताणत नाही, त्यामुळे फोम मोठा झाला तर शिवण फाटते. एक इंचाहून जास्त मोठा फोम कुठल्याच खोळीत कोंबू नका. गादी मधे फुगून कमानीसारखी होते, तिच्या कडा सोफ्यावरून उचलल्या जातात आणि पहिल्याच आठवड्यात चेन दात सोडते.

दुकानात काय मागायचं

डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमध्ये वजन. ती जास्त असेल तर फोम जास्त टिकतो. कडकपणा हा वेगळा गुण आहे. ४० डेन्सिटीचा सुपर सॉफ्ट लोण्यासारखा मऊ असतो आणि २३ डेन्सिटीचा साधा फोम सुरुवातीला चांगला टणक लागतो, पण काही महिन्यांत बसतो. म्हणूनच नुसतं ‘हार्ड द्या’ म्हणणाऱ्याच्या गळ्यात स्वस्त, हलका फोम पडतो.

रोजच्या वापराच्या बैठकीला ४० डेन्सिटीचा एचआर घ्या. एचआर म्हणजे दाबल्यावर पटकन उसळी मारणारा फोम. पाहुण्यांपुरत्या वापराच्या खोलीत ३२ चा साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम चालतो. पाठीच्या उश्यांना २३ ते २८ पुरे, कारण तिथे अंगाचं पूर्ण वजन पडत नाही. रीबाँडेड म्हणजे कातरणीचा चुरा दाबून केलेला रंगीबेरंगी ठिपक्यांचा जड फोम. तो फक्त तळाच्या थराला वापरा, अख्खी गादी त्याची केली तर बाकावर बसल्यासारखं वाटतं. आणि पॅकिंगमध्ये येते ती पांढरी ईपीई शीट कुणी तळाला सुचवली तर सरळ नाही म्हणा. ती एकदा चेपली की पूर्वीसारखी होत नाही.

फोमचा रंग पाहून डेन्सिटी ओळखू नका. गुलाबी, हिरवा, पिवळा हे रंग प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने वापरते. खात्री हवी तर वजन करा. हिशोब सोपा आहे: लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणाकार करा, त्याला डेन्सिटीने गुणा आणि ६१,००० ने भागा. उत्तर किलोमध्ये येतं. २२ बाय २२ बाय ४ चा तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर सुमारे १ किलो २७० ग्रॅम भरतो, ३२ चा असेल तर १ किलोच्या जरा वर आणि २३ चा असेल तर जेमतेम ७३० ग्रॅम. पन्नासेक ग्रॅम इकडेतिकडे चालतात. पण ४० च्या पैशांत ९०० ग्रॅमचा तुकडा हातात आला तर तिथेच बोला. वजन बरोबर, पण फोमवर हात घासला की पांढरी भुकटी लागते, असं असेल तर त्यात वजन वाढवायला खडूसारखा भराव घातलेला असण्याची शक्यता आहे. असा फोम लवकर तुटतो.

थरांची रचना खालच्या आधारावर ठरते. इलॅस्टिक पट्टे किंवा स्प्रिंग असतील तर ४ इंचांत ३ इंच एचआर आणि वर १ इंच सुपर सॉफ्ट ही जोडी बहुतेकांना आवडते. खाली प्लाय असेल तर तळाला १ इंच रीबाँडेड, मधे २ इंच एचआर, वर १ इंच सुपर सॉफ्ट ठेवा. बॉर्डर ५ इंचांची असेल तर मधला थर ३ इंच करा, फरक लगेच जाणवतो. एवढं मात्र लक्षात घ्या की थरांची गादी उलटून वापरता येत नाही. दर महिन्याला गादी उलटायची सवय असेल तर एकसंध ४ इंची एचआर घ्या आणि दोन्ही बाजूंना फायबर लावा. जाडी वाढवायचा मोह झाला तर आधी बैठकीची उंची मोजा. जमिनीपासून १७-१८ इंच बहुतेकांना सोयीची पडते. घरात गुडघेदुखीचं कुणी असेल तर एखादा इंच जास्त बरा, पण मग सोफ्याचे हात खुजे वाटायला लागतात आणि खोळही नवी शिवावी लागते.

शीटचा हिशोब दुकानात जाण्याआधीच करा. ७२ बाय ३६ इंचांच्या शीटमध्ये २२ इंची तीन गाद्या एका ओळीत बसतात आणि १४ इंच रुंदीची पट्टी वाया जाते. ३+१+१ च्या सोफ्याला पाच गाद्या, म्हणजे अशा दोन शीट लागतील. ७२ बाय ७२ मिळाली तर तिच्यात नऊ तुकडे निघतात. शेजाऱ्यांचाही सोफा बसला असेल तर भागीदारी फायद्याची. कापायची चाकूसुरी नको असेल तर दुकानातच मापात कापून घ्या. मशीनवरची कड घरच्यापेक्षा सरस असते. फोम गुंडाळून, हवा काढून पॅक केलेला आला तर उघडून पूर्ण एक दिवस पसरून ठेवा आणि मगच मोजा.

फोमशिवाय लागणारं सामान: अर्धा इंच जाडीचं पॉलिएस्टर फायबर (दुकानात त्याला रेक्रॉनही म्हणतात), रबराधारित चिकटद्रव्य, लांब दातेरी सुरी किंवा १८ मिमी पात्याचा कटर आणि नवं पातं, मार्कर, लांब फुटपट्टी, जाड सुई-दोरा आणि एक मोठी पातळ प्लास्टिकची पिशवी.

कापणं

फोम जमिनीवर नको, टेबलाच्या कडेशी ठेवा, म्हणजे पातं खालून मोकळं निघतं. वरच्या बाजूला आखा, मग उलटून खालच्या बाजूलाही तीच रेषा आखा. चार इंच जाडीत हात जरासा कलला तरी खाली पाव-अर्धा इंचाचा फरक पडतो आणि एका बाजूची रेषा बघून तो कळत नाही.

फोम दाबून कापू नका, ही इथली सर्वांत मोठी चूक. फुटपट्टीने दाबून धरलेला फोम कापल्यावर मोकळा झाला की कड आत वळलेली निघते. हात हलका ठेवा, पातं उभं धरा आणि एकाच दणक्यात आरपार न जाता तीन-चार फेऱ्यांत खोल जा. दातेरी सुरी लांब ओढत चालवा, पोळी तोडल्यासारखे झटके देऊ नका. पातं बोथट झालं की फोमचे लचके निघायला लागतात, तेव्हा ते बदला. खोळीचे पुढचे कोपरे गोल असतील तर फोमवर वाटी उपडी ठेवून तेवढी गोलाई आखा आणि कापा. चौकोनी कोपरा गोल खोळीत गेला की तिथे कायमची सुरकुती पडते.

चिकटवणं आणि फायबर

थर जोडायला फेविकॉल एसआर ९९८ सारखं रबराधारित चिकटद्रव्य वापरा. लाकडाचं पांढरं फेविकॉल नको. ते फोमच्या आत वाळायला फार वेळ लागतो आणि वाळल्यावर पापडासारखा कडक थर होऊन बसताना टोचतो. एसआरचा वास उग्र असतो आणि वाफ पेट घेते, तेव्हा खिडक्या उघडा, जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती काही नको.

दोन्ही तुकड्यांवर पातळ हात फिरवा, कडेपासून दीड-दोन इंच आत राहून. कडेपर्यंत लावलं तर वाळल्यावर तिथे कडक धार जाणवते. दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोट लावल्यावर चिकटेल पण द्रव्य बोटाला येणार नाही इतकं सुकू द्या. मग एका कडेपासून सुरुवात करून वरचा थर सावकाश खाली टेकवत जा. एकदा टेकला की तो सरकवता येत नाही, म्हणून दोघं असलेलं बरं.

फायबर गुंडाळलं की गादी भरीव दिसते आणि खोळीचं कापड फोमवर घासत नाही. फायबर फोमच्या वरून सुरू करून पुढच्या कडेवरून खाली आणा आणि मागे दोन्ही टोकं एक इंच आखूड ठेवा. मागे चेन आहे आणि फायबरचे धागे तिच्यात अडकले की रनर, म्हणजे चेनचा सरकता तुकडा, तिथेच बसतो. डाव्या-उजव्या बाजूंना फायबर नको, नाहीतर शेजारच्या गाद्या एकमेकींना ढकलतात. कडा सुई-दोऱ्याने लांब-लांब टाके घालून फोमला धरून ठेवा. टाके न घातलेलं फायबर खोळ चढवताना गोळा होतं आणि पुढे एका कोपऱ्यात गाठोडं तयार होतं.

कापसाचा पर्याय हमखास पुढे येतो. दिवाणाला आणि गादीला कापूस उत्तम, कारण पिंजाऱ्याकडून पिंजून घेता येतो. सोफ्याच्या बॉर्डरवाल्या खोळीत मात्र कापूस कडा सोडून मधे गोळा होतो आणि गादीला धार राहत नाही.

खोळीत बसवणं

इथे घाई करणाऱ्यांची चेन तुटते. गादीच्या चेनला पुष्कळदा ओढायची पट्टीच नसते, रनर एका टोकाला कापडाखाली दडवलेला असतो. तो सापडल्यावर पट्टीच्या जागी सेफ्टी पिन अडकवा. दात कोरडे असतील तर मेणबत्ती किंवा साबणाची वडी घासा. रनर झिजला असेल तर त्याच्या मागे कोरलेला आकडा बघून त्याच नंबरचा नवा आणा, अख्खी चेन बदलायची गरज नाही.

फोमची मधोमध घडी घाला, करंजी दुमडल्यासारखी, डावी कड उजव्या कडेला भिडेल अशी. घडी केलेला फोम पातळ पिशवीत घालून खोळीत सारा, कारण प्लास्टिक घसरतं आणि कापड फोमला धरून ठेवतं. फोमची पुढची बाजू आधी आत जाईल, ती खोळीच्या पुढच्या शिवणीला टेकली की फोम उघडा आणि पिशवी ओढून बाहेर काढा. व्हॅक्युम क्लीनर असेल तर पिशवीतली हवा शोषून फोम अर्ध्या जाडीचा होतो आणि हे काम चुटकीसरशी होतं. पण पिशवी आत ठेवून चेन लावू नका. बसताना आवाज येतो आणि कोकणात, मुंबईत पावसाळ्यात आत दमटपणा कोंडून बुरशी धरते.

आता आत हात घालून पुढचे दोन कोपरे खोळीच्या कोपऱ्यांत नीट भरा, मग मागचे. शिवणीचा आतला जादा कापडाचा भाग सगळीकडे बॉर्डरच्या बाजूला वळवा. तो कुठे वर, कुठे खाली राहिला तर पायपिंगची, म्हणजे शिवणीवरच्या गोल गोटाची रेष नागमोडी दिसते. कारागिराची आणि घरची गादी ओळखू येते ती इथेच.

चेन लावताना रनर जोराने ओढू नका. मागची कड एका हाताने आत दाबत, दोन्ही बाजूंचे दात जवळ आणत, दोन-दोन इंच पुढे सरका. फार ताण येत असेल तर फोम मोठा झाला आहे. तो बाहेर काढून मागच्या बाजूने पाव इंच छाटा. दहा मिनिटं जातात, पण चेन वाचते.

बसवून झाल्यावर

पहिले काही दिवस गादी फुगलेली आणि जरा कडक वाटते. आठवडा-दोन आठवड्यांत फोम मोकळा होतो, लगेच परत करायला धावू नका. कोपरा लुळा राहिला तर मूठभर फायबर तिथे भरा. प्लायवर गादी पुढे सरकत असेल तर खाली रबरी जाळीची चटई कापून घाला. रेक्झिनच्या गादीवर बसताना फुस्स आवाज येत असेल तर हवा बाहेर पडायला वाट नाही असं समजा. बॉर्डरच्या मागच्या बाजूला दोन छोटे आयलेट, म्हणजे धातूची कडी लावलेली भोकं, बसवून घ्या, शिवणीवरचा ताणही त्याने कमी होतो.

फोम भिजला तर उन्हात टाकू नका, उन्हाने तो ठिसूळ होतो. दोन टॉवेलांमध्ये दाबून पाणी काढा आणि पंख्याखाली उभा करून सुकवा, ४ इंची फोम आतून वाळायला दोन-तीन दिवस लागतात.

जुना फोम कधीही जाळू नका, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं. चांगले तुकडे उश्यांत किंवा काचेच्या सामानाच्या पॅकिंगला वापरा. ढेकूण नसतील तर उरलेला फोम सोफावाल्याला किंवा भंगारवाल्याला विचारा, कातरणीचा रीबाँडेड होतो म्हणून काही जण तो घेतात.